डोळे बघून येत नाहीत

पाऊस सुरू झाला की हा मेसेज फिरू लागतो: 'डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघू नका, लगेच लागण होते. काळा गॉगल लावा. डोळे आलेच तर मेडिकलमधून ड्रॉप आणा नाहीतर बाळंतिणीचं दूध घाला, दोन दिवसांत उतार.'

बघण्याने लागण होत नाही. साथीतले डोळे बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात, कधी ॲडिनोव्हायरस, कधी एंटेरोव्हायरस. रोगी डोळा चोळतो, तोच हात दाराच्या कडीला, मोबाइलला, बाकाला लावतो. पुढचा माणूस तिथे हात लावून आपला डोळा चोळतो. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची डबी यांतूनही तेच. १९७१ मध्ये बंगालमध्ये ही साथ आली, बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांसोबत आली म्हणून लोक तिला 'जय बांगला' म्हणू लागले. जुलै २०२३ मध्ये आळंदीत शाळकरी मुलांमध्ये ती भराभर पसरली. माणसं दाटीने राहिली, पाणी-टॉवेल सामाईक असले, की ती अशीच पसरते. नजरेला दोष दिला की घरातला सामाईक टॉवेल तसाच खुंटीवर राहतो, आणि मला खरी चीड त्याचीच येते.

गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो, हात डोळ्याकडे कमी जातो. घालायचा तर रोग्याने घालावा. निरोग्याने घालून लागण अडत नाही.

ड्रॉपचं मात्र गंभीर आहे. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. आणि चिठ्ठीशिवाय मिळालेल्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असलं तर लाली झटकन उतरते, म्हणून लोकांना तेच 'गुणकारी' वाटतं. पण डोळ्यात नागिणीच्या जातीतला हर्पिस विषाणू असेल, तर त्याच ड्रॉपने बुबुळावरची जखम खोल जाऊन नजर जाऊ शकते. फार दिवस घातलं तर काचबिंदूचाही धोका. दूध, मध, गुलाबपाणी निर्जंतुक नसतं. सुजलेल्या डोळ्यात नवा जंतू कशाला?

दोन दिवसांत उतार हेही खोटं. आठवडा लागतो, ॲडिनोव्हायरस असेल तर दोन आठवडेही. तोवर उकळून गार केलेल्या पाण्याने चिपडं पुसा, थंड घडी ठेवा, साबणाने हात धुवा. निव्वळ सॅनिटायझरवर भिस्त नको. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. मुलाला शाळेत पाठवू नका, परीक्षा असली तरी.

डोळा ठणकत असेल, उजेड अजिबात सोसवत नसेल, पुसूनही अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे चिकटले आणि सुजले, तर तासाभराचाही उशीर करू नका.