वय काय? तर म्हणे 'पूर्ण'!

पैसे भरून, रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून अखेर इंग्लंडमधल्या १८६७ सालच्या एका लग्नाचा दाखला हातात पडला. सासूबाईंच्या पणजीचा, मेरीचा. वयाच्या रकान्यात काय असावं? 'पूर्ण वय'. अरे, वय आहे की पौर्णिमेचा चंद्र? अर्थ एवढाच की २१ पुरी झाली होती. मग २२ ची असो नाहीतर ४२ ची, पाद्रीबाबांना काय त्याचं! दोन आकडे लिहायला शाई ती किती लागली असती?

आणि हा दुसरा दाखला बरं का. पहिला भलत्याच मेरीचा निघाला. दाखला मागवायचा तो लग्ननोंदींच्या सरकारी सूचीवरून, आणि १९१२ च्या आधीच्या सूचीत जोडीदाराचं आडनावच देत नाहीत. नुसता खंड नि पान क्रमांक. एका पानावर चार-चार जोडपी, कुणाचं कुणाशी लागलं ते तुम्हीच लावा! त्यात मेरी आणि जॉन तिकडे पैशाला पासरी. पैसे पाण्यात.

बरं, दाखल्यावर बाप आहे. जॉन, मजूर. नवरीच्या कामधंद्यापुढे आडवी रेघ, म्हणजे बाई दिवसभर लोळत असणार! सहीच्या जागी फुली. आणि आई? आईला रकानाच नाही. पुसट झालंय, वाळवीने खाल्लंय असं नाही हो, छापील फॉर्मात जागाच नाही. सरकारी नोंदणी सुरू झाली त्या १८३७ पासून थेट मे २०२१ पर्यंत, जवळजवळ १८४ वर्षं, तिथल्या नवऱ्यामुलीच काय, नवरदेवसुद्धा कागदोपत्री फक्त बापाच्याच पोटी जन्मले. आमच्या लग्नपत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी शेंबडी पोरंसुद्धा नावानिशी असतात!

मला हवी होती ती फक्त मेरीची आई. जन्मनोंदींच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं, पण शोधायला जन्मसाल तर हवं. ते कशावरून काढू, 'पूर्ण' वरून? आणि बाई १८३७ च्या आधी जन्मली असेल तर ती सूचीही उपयोगाची नाही, मग बसा चर्चची बाप्तिस्म्याची बाडं चाळत.

निदान साक्षीदार तरी माहेरचा असेल म्हणून भिंग लावून नाव वाचलं. मग पहिला, चुकीचा दाखला शेजारी ठेवला. चर्च तेच, आणि साक्षीदारही तोच! दिसेल त्या लग्नाला सही ठोकणारा चर्चचा माणूस.