लोकसहभाग पुण्याहून मालवणला कसा न्यावा

मालवणच्या लोकांना कलेत सामील करून घ्यायचं असेल तर आधी कोथरूडमध्ये बसून संकल्पना पक्की करा, लोकांचं नंतर बघू. संकल्पनेत 'स्मृती', 'समुद्र' आणि 'संवाद' यांतलं किमान दोन तरी हवं. पर्ससीनचं, म्हणजे यांत्रिक बोटींच्या मोठ्या घेरजाळ्यांचं, नाव मात्र काढायचं नाही. त्यावरून पारंपरिक मच्छीमारांचं तिथे वर्षानुवर्षं वाजतंय. खराखुरा संवाद सुरू झाला तर प्रयोग वेळेत संपायचा नाही.

अनुदानाच्या अर्जात लिमाचा दाखला द्या. 2002 साली पेरूच्या या राजधानीबाहेर कलावंत फ्रान्सिस अलिस यांनी 500 स्वयंसेवकांच्या हाती फावडी देऊन वाळूची टेकडी सुमारे 10 सेंटिमीटर सरकवली. तुमच्याकडे फावडी 12 आणि माणसं 9 असतील, पण अर्जात तेवढ्या खोलात कोण शिरतंय?

तारीख शनिवारची घ्या, रजा वाचते. तिथी बघू नका. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. तालमीच्या शनिवारी पाच वाजता ओहोटीच्या वाळूवर फक्कीने आखलेलं रिंगण प्रयोगाच्या शनिवारी पाच वाजता पाण्याखाली असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हे गावातलं पोरही सांगेल. पण त्याला विचारलं तर सहभाग प्रयोगाआधीच सुरू व्हायचा.

रिंगण 60 जणांचं करा. हातात हात धरले की माणशी सव्वा मीटर, घेर 75 मीटर, व्यास 24. मधोमध उभं राहून बोललात तर समुद्राकडच्या निम्म्यांना ओ की ठो कळत नाही, कारण दुपारनंतर वारा तिकडूनच येतो. समुद्राकडच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून बोला, मग आवाज पोचतो. पण मावळतीचा सूर्य तुमच्यामागे येतो आणि व्हिडिओत नुसत्या काळ्या बाहुल्या दिसतात. हरकत नाही, पुण्यात दाद अशाच व्हिडिओला मिळते.

मुख्य कृती म्हणून गावकऱ्यांना एक जुनं जाळं हळूहळू ओढायला लावा. रापण म्हणजे हेच की, असं एखादा म्हातारा म्हणेल. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि किनाऱ्यावर दोन रांगा दोन टोकांचे दोर खेचतात. एक रांग पुढे गेली की जाळं तिरकं येतं. शिशाचा खालचा काठ वाळूवरून उचलला गेला की मासळी खालून पसार. हे सगळं दिग्दर्शकाविना चालतं, हे जरा अडचणीचंच. तुमच्या जाळ्यात मासळी नाही, तेवढी कटकट वाचली. चेहरे गंभीर ठेवायला बजावा. रापणीवर लोक ओरडतात, एकमेकांना शिव्या घालतात, खिदळतात. ते फार प्रायोगिक दिसत नाही.

नंतर चर्चा ठेवा. त्यात पुण्याहून आलेले चौघं बोलतात.

रापणीत दोर ओढणाऱ्याला मासळीत वाटा असतो, त्यामुळे उठता उठता कुणीतरी विचारतंच, "आमचो वाटो खंय?" तेव्हा सहभागाचं प्रमाणपत्र पुढे करावं. कागद जाड घ्या, तिथल्या दमट हवेत पातळ कागदाची सुरळी होते. आणि नावाची जागा कोरी ठेवा, नावं विचारायची राहून गेलेली असतात.