आमच्या एनसीसी कॅडेटचा कॅम्पसाठीचा नॉमिनल रोल, म्हणजे माहितीसकट नावांची यादी, परत आला. तिसऱ्यांदा.

शनिवारी रात्री पावणेअकराला उस्तादांचा, म्हणजे फौजेने दिलेल्या आमच्या प्रशिक्षकाचा, फोन. "सर, नॉमिनल रोल वापस आया है. नया फॉर्मेट है, सुबह नौ बजे तक चाहिए." चोपन्न कॅडेट! आधार, बँक खातं, रक्तगट, पालकांचा मोबाईल, सगळं पुन्हा. अरे, २०२३ मध्ये ते एकात्मिक सॉफ्टवेअर कशासाठी आणलं? सगळी माहिती आत पडून आहे, तरी एक्सेल हवंच.

आणि परत का आला? तर नावात तफावत. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. महाराष्ट्रात घरोघरी हेच आहे हो! तिन्ही कागदांवरची मुलगी एकच आहे! अडीच वाजेपर्यंत एकेक नाव जुळवत बसलो. सकाळी पाठवलं. दहा वाजता उत्तर: हार्ड कॉपी तीन प्रतींत, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह, आजच. रविवारी!

कॅम्प हुकला की बी सर्टिफिकेट नाही. बी नाही तर सी नाही, आणि सी नाही तर लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला, म्हणजे फौजेत अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीला, जायची वाट बंद. एका रकान्यापायी.

बटालियनच्या ऑफिसात क्लार्क उरलाय एक. जवान फौजेने द्यायचे, क्लार्क राज्य सरकारने. दोघं रिटायर झाले, जागा तशाच रिकाम्या. भरती, कॅम्पची बिलं, टीए-डीए, सर्टिफिकेटच्या परीक्षा, सगळं त्या एकाच्या टेबलावर. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचा चेहरा बघवत नाही. राग त्यांच्यावर आहे ज्यांना रिकामी खुर्ची दिसत नाही, पण रिटर्न, म्हणजे ठरलेला अहवाल, एक दिवस उशिरा गेला की लगेच दिसतं. सांगण्यासारखं काही नसेल तरी निल रिपोर्ट लेखी द्या म्हणे! योगदिनाचे फोटो द्या, झाडं लावल्याचे द्या, मग तेच फोटो वेगळ्या साइझमध्ये द्या. गेल्या वर्षी कॅम्पमध्ये फायरिंगच्या आदल्या रात्री आम्ही रिस्क सर्टिफिकेटं (जोखमीची संमतीपत्रं) लावत बसलो होतो, कारण कुणीतरी गठ्ठाच उलटसुलट करून ठेवला होता.

कॅडेटसंख्या १७ लाखांवरून २० लाखांवर न्यायचं ठरलंय. न्या ना, गावोगावी पोरं वाट बघतायत. पण ते तीन लाख अर्ज भरणार कोण, तपासणार कोण?

उस्तादच ना! बारा वर्षं पलटणीत काढलेला माणूस, डोळे मिटून रायफल खोलून जोडतो, आणि त्याला आम्ही दोन बोटांनी टायपिंग करायला बसवलंय. आज साडेसहापासून पोरी ग्राउंडवर उभ्या होत्या. पहिल्या वर्षाची एक विचारत होती, "सर, रायफल आज तरी हातात मिळेल का?" उस्ताद आत प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते. महिन्यातली ही तिसरी परेड अशी गेली.

एक क्लार्क द्या. कंत्राटी द्या, पण द्या.

प्राचार्य संध्याकाळच्या गाडीने येतायत. तीन प्रती घेऊन स्टेशनवर निघालोय.