एसीवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

'कॅज्युअल्टीत डोकी मोजू नका, गुंतागुंत मोजा' या लेखात मी म्हटलं होतं की स्टाफ ठरवताना पेशंट किती आले एवढंच नको, प्रत्येकापाशी किती काम आणि वेळ लागतो तेही मोजा. त्याखाली एका निनावी वाचकाने लिहिलंय: "एसीत बसून लिहायला काय जातं? पेशंट म्हणजे गुणपत्रिका नव्हे. आणि गुण मांडायला नर्स आहेत कुठे?"

भाऊ, आधी एसीचं बोलू. तापीकाठच्या एका सरकारी दवाखान्यात मी २२ वर्षं कॅज्युअल्टीची सिस्टर होते. मे महिन्यात पारा ४४ वर आणि डोक्यावर एक पंखा, तोही गरम हवाच खाली ढकलायचा. आमच्या खान्देशात उन्हाळा काय असतो हे तुम्हाला सांगायला हवं का? की तुम्हीच पुण्याहून लिहिताय?

कपाशीच्या फवारणीत विषबाधा झालेला पोरगा आला की ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचं औषध, सुरू व्हायचं. दर पाच मिनिटांनी छातीतली खरखर ऐकायची, घाम बघायचा, खरखर थांबेना तर डोस दुप्पट. कॉट सोडून हलायची सोय नाही. रजिस्टरात मात्र तो १. पायात काटा मोडलेला, तोही १. स्टाफ मागायला गेलं की साहेब खालची बेरीज बघायचे.

आणि गंभीर म्हणजे गुंतागुंतीचा असंही नाही, माझा मुद्दा तोच होता. पाड्यावरची एक म्हातारी नुसत्या तापाने आलेली. नाडी, बीपी, श्वास ठीक. नाडी, बीपी, श्वास, ताप यांवरून पेशंट किती गंभीर ते सांगणाऱ्या आजच्या न्यूज स्कोअरने जेमतेम १. पण साखर वाढलेली, किडनी अधू, कानाने बहिरी, सोबत कोणी नाही, पिशवीत तीन डॉक्टरांच्या गोळ्या सुट्ट्या. अडीच तास गेले तिच्यापाशी. अमेरिकेत कोणत्या पेशंटला आधी बघायचं ते ठरवायची ईएसआय नावाची पाच पायऱ्यांची पद्धत आहे (आपली विमा योजना नव्हे). तिच्या खालच्या तीन पायऱ्या रक्ततपासणी, एक्स-रे, सलाईन असं काय काय लागेल त्यावर ठरतात. त्यातही या अडीच तासांना जागा नाही. ती द्या, एवढंच मी म्हणत होते. यात गुणपत्रिका कुठून आली?

एक चूक मान्य. न्यूज स्कोअर २०१२ चा, मी लेखात २०१४ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. तुमच्या लक्षातही आलं नव्हतं, ते सोडा.

नर्स कमी आहेत, हे तुम्ही मला सांगताय? तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

पुढच्या वेळी प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त खाली नाव घाला. आमच्याकडे बेशुद्ध पेशंटचंसुद्धा नाव विचारून लिहून घेतात.