पन्ह्याचा रंग

परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला. "चैत्रातले हळदीकुंकू सुरेख झाले. आरास छान. डाळ अप्रतिम. पन्हे चवीला बरे होते, रंग मात्र..." आणि पुढे तीन टिंबं. खाली अंगठ्यांची ही रांग. त्यातला एक अंगठा माझ्या सख्ख्या बायकोचा. विचारलं तर म्हणे, "मी डाळीसाठी दिला."

पन्हं मी केलं होतं.

बायको बँकेत, मार्च एंडचं सगळं निस्तरून नुकती कुठे माणसात आलेली. आमच्याकडे गौर चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत मुक्कामाला, म्हणजे महिनाभरात कुठला तरी एक वार पकडून बायकांना बोलवायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं. डाळ ती करणार, पन्हं मी, अशी वाटणी झाली. "पन्हं काय, सोप्पं असतं," असं तीच म्हणाली आणि त्याच क्षणी मला सावध व्हायला हवं होतं, कारण आपल्या घरांमधून जे जे सोप्पं म्हणून सांगतात ना त्याचं प्रमाण कोणीही कुठेही लिहून ठेवलेलं नसतं.

आईला चिपळूणला फोन लावला.

"कैऱ्या उकड, गर काढ, गूळ घाल, चिमूटभर मीठ, वेलची. झालं."

"गूळ किती?"

"लागेल तेवढा."

"किती लागेल?"

"ते कैरी किती आंबट आहे त्यावर."

"ते कसं कळणार?"

"चाखून."

"आणि चाखल्यावर?"

"मग अंदाज येतो." आणि फोन ठेवला, कारण तिची सिरियल लागली होती.

सासूबाई पंढरपूरच्या. त्यांचं म्हणणं, उकडलेल्या कैरीला काय चव असते, कैरी निखाऱ्यावर भाजायची, साल काळं झालं पाहिजे, मग त्या धुराचा जो वास उतरतो ते खरं पन्हं. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर निखारे. शेवटी कुठेतरी गराच्या दुप्पट गूळ असं मिळालं, तेच धरलं आणि कुकरला शिट्ट्या दिल्या. २०२० साली आयुष मंत्रालयानं लोकांना हळदीचं दूध प्यायला सांगितलं होतं ते आठवतंय का, दीडशे मिली दुधात अर्धा चमचा हळद. मला तेव्हा भरून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा हळदीच्या दुधाचं माप कळलं. आमच्या आईच्या मते हळद "दूध पिवळं होईस्तोवर" घालायची, आणि ते किती पिवळं हे पोराच्या खोकल्याच्या आवाजावर.

आता गुळाबद्दल बोलतो, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. आमच्याकडे गूळ येतो तो ओळखीतल्या एकाच्या गुऱ्हाळातून, कोल्हापूरकडचा. काळपट. म्हणजे चॉकलेटी म्हणा. काहीही न घातलेला. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, नाव मोठं आहे, पण बाजारात जो पिवळाधमक गूळ दिसतो ना तसा रंग यावा म्हणून बऱ्याच ठिकाणी रस उकळताना हायड्रोस नावाची रसायनाची पावडर मारतात. जुनी माणसं रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चीक वापरायची, त्यानं रस स्वच्छ होतो पण गूळ काही लिंबाच्या रंगाचा होत नाही. तर असा प्रामाणिक गूळ घातला की पन्हंही प्रामाणिक रंगाचं होतं. तपकिरी. मी केशर घातलं. चांगल्यापैकी घातलं, किंमत सांगत नाही, बायको हे वाचते. तपकिरीत केशर जे बुडालं ते बुडालंच.

बायका आल्या, प्यायल्या, कोणी काही बोललं नाही. दुसरा ग्लाससुद्धा मागितला दोघींनी. सगळं सुरळीत चाललेलं. आणि मग काकूंना घ्यायला काका आले.

हे काका बी विंगमधले, रिटायर्ड, सोसायटीच्या कमिटीवर कधीच नव्हते आणि तरीही सगळ्या मीटिंगला असतात. हळदीकुंकवाला पुरुषांचं काय काम असं त्यांना वाटत नाही. आत आले, चपला काढल्या, माझ्याशेजारी किचनच्या दारात खुर्ची ओढून बसले.

"काका, पन्हं घ्या."

"नको रे. शुगर."

"बरं."

"थोडं दे. चव बघतो."

दिलं. आता इथून पुढे मी जे सांगतोय त्यात एका अक्षराची भर नाही. काकांनी ग्लास घेतला. काचेचा होता हीच माझी चूक धरा हवी तर, स्टीलच्या पेल्यात दिलं असतं तर हा लेखच झाला नसता. त्यांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला. तिरका केला. पॅथॉलॉजी लॅबवाला सँपल बघतो तसा चष्मा कपाळावर ढकलून खालून बघितला.

"हा चहा आहे का?"

"पन्हं आहे काका."

"कोकम घातलंयस?"

"नाही. कैरीचं पन्हं."

"कैरी कुठली?"

"हिरवी."

"मग हिरवं कुठंय?"

मी म्हटलं गूळ काळा आहे. काका म्हणाले गूळ काळा का आहे. मी गुऱ्हाळ, हायड्रोस, भेंडी हे सगळं सांगितलं, अगदी मळीपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ऐकता ऐकता ग्लास संपवला, तो पुढे केला आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण रंग नाही." मी भरून दिला. त्यांनी दुसराही ट्यूबलाइटसमोर धरला. पहिल्याच पातेल्यातला होता, रंग काय बदलणार? पण नाही, तपासणी रीतसर झाली.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि सांगलीला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"अक्का, हे बघ. ओळख काय आहे."

पलीकडून आवाज, "दिसत नाहीये, बोट काढ कॅमेऱ्यावरचं."

"आता?"

"काय आहे, काढा?"

"पन्हं आहे म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

इथे काकांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी अंगात बनियन, खांद्यावर फडका, हातात डाव. नमस्कार केला. अक्कांनी नमस्कार घेतला नाही, थेट विचारलं, "कैऱ्या जळल्या होत्या का हो?"

मी म्हटलं नाही, गूळ सेंद्रिय आहे. अक्का म्हणाल्या, "असूं दे, असूं दे." ह्या "असूं दे"चा जो टोन होता तो मला अजून रात्री ऐकू येतो. एखाद्याच्या मुलाचं बारावीचं गणित राहिलं की लावतात तो. तोपर्यंत हॉलमधल्या दोनचार बायका काय चाललंय म्हणून दारात आल्या होत्या, ज्यांनी आधी मुकाट्यानं पिऊन टाकलं होतं. त्यांनी आता आपापले ग्लास वर धरून बघितले. एकीनं म्हटलं, "हो की." बस. हो की! दहा मिनिटांपूर्वी हीच बाई वेलची ताजी कुटलेली वाटतेय म्हणत होती.

काकांचा इलाज तयार होता. "चिमूटभर खायचा रंग घालायचा. केशरी नको, लेमन यलो. कोणाला कळत नाही." म्हणजे मी गुळातली पावडर टाळायला कोल्हापूरहून गूळ आणायचा आणि मग नाक्यावरच्या दुकानातून डबी आणून त्यात रंग ओतायचा. मी हे बोललो नाही. मोठ्या माणसांसमोर आपण बोलत नाही, नंतर बसून दीड हजार शब्द लिहितो.

आणि हे काका काही पहिल्यांदा असं वागलेले नाहीत. ह्या माणसाला प्रत्येक ऋतूत माझ्या पातेल्याचं काहीतरी असतं. लॉकडाउनमध्ये सगळी बिल्डिंग तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका उकळत होती तेव्हा हे गॅलरीतून गॅलरीत ओरडून विचारायचे, "मनुका किती घातल्या?" आणि उत्तर काहीही दिलं तरी, "कमी आहेत." पावसाळ्यात आमच्या कुंडीतला गवती चहा हवा म्हणून येतात, पात कशी कापायची ते मलाच शिकवतात, मुळापासून उपटतात आणि मग त्यांच्या चहाला वास येत नाही ह्याचा दोषही कुंडीला. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायला मी होतो. ज्यांनी कधी दूध आटवलेलं नाही त्यांना सांगतो, ते ढवळत उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे, ऑक्टोबरचा उकाडा, समोर शेगडी, वर चंद्र, सगळे अंताक्षरी खेळतायत आणि तुमचा हात क्षणभर थांबला की दूध खाली लागतं. काका शेजारी उभे. "अजून आटू दे." "अजून." "अजून." मग शेवटी, "फार आटलं की रे."

सोलकढीला मात्र कोणी कधी रंगावरून बोलत नाही. आई दरवर्षी मे महिन्यात आमसुलं आणि आगळ पाठवते. रातांबे पावसाच्या आत उतरवायचे, फोडायचे, सालं त्यांच्याच रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, परत रसात, परत उन्हात. माझी मावशी ह्या कामानं मे महिन्यात चिडचिडी होते, तिच्या अंगणात कोणी चपला काढल्या तरी ओरडते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही जीआय मिळालं, मावशीला अजून कोणी थँक्यू म्हटलेलं नाही. पण त्या आगळाचा थेंब नारळाच्या दुधात पडला की असा गुलाबी रंग येतो की सगळे आधी फोटो काढतात. एकदा सोलकढीत मिरची जास्त झाली होती, लोक अक्षरशः हाशहुश करत होते आणि तरी "काय रंग आलाय" चालू. म्हणजे जीभ पोळली तरी चालेल.

उलट सासूबाईंचं हुलग्याचं माडगं घ्या. हुलगे भाजून दळलेलं पीठ पाण्यात शिजवायचं, गूळ, सुंठ. थंडीपावसात एक वाटी पोटात गेली की माणूस ताळ्यावर येतो. दिसायला? दिसायला ते चिखल आहे, मी जावई असून सांगतो. म्हणून ते कधी कोणाच्या लग्नात नसतं, हॉटेलात तर नाहीच नाही, ताप आला की फक्त आठवतं. थंडीतली आळिवाची खीर तीच गत, फुगलेल्या आळिवाकडे मुलं बघतसुद्धा नाहीत. आजारपणात, बाळंतपणात, उन्हातान्हात जी पेयं आपल्याला उभं करतात ती बहुतेक सगळी दिसायला अशीच, चॉकलेटी, राखाडी, शेवाळी. आणि ती करणारी बाई गॅसपाशी तासभर उभी राहते आणि तिला ऐकायला काय मिळतं, तर "जरा पातळ झालंय का?" हे मी बायकोला बोलून दाखवलं, जरा आवाज चढवूनच. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षांत मीही काय काय म्हणून गेलो असेन ते सगळं त्या बघण्यात होतं. मी विषय बदलला.

तर काका. निघताना चपला घालता घालता वळले. "उरलंय का रे?"

"आहे थोडं."

"टाकून देण्यापेक्षा दे बाटलीत. हिला दुपारी ऊन लागतं."

शुगर, रंग, अक्का, सगळं मागे पडलं. मी दिलं. आणि दिलं ते कशात, तर माझ्या चांगल्या बाटलीत. घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची, जिच्यात हात घालून धुता येतं अशी. अशी बाटली मिळत नाही हो आता, सगळं प्लॅस्टिक. काकू जाताना बायकोला म्हणाल्या, "पन्हं छान केलंस गं." हिनं "थँक्यू काकू" म्हणून टाकलं. म्हणजे छान झालं तेव्हा हिनं केलं, आणि रंग गेला तेव्हा बनियनवाल्यानं.

त्यानंतर ग्रुपवरचा तो मेसेज. काकांचा नव्हता. काकूंचा होता.

बाटली काही येईना. लिफ्टमध्ये काका भेटले, पाण्याच्या टँकरबद्दल बोलले, पार्किंगबद्दल बोलले, बाटलीबद्दल नाही. मी दोनदा "पन्हं संपलं का?" असं आडून विचारलं. "कधीच," म्हणाले. शेवटी काल संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात माझी बाटली, आणि बाटली रिकामी नव्हती. रिकामं भांडं परत देऊ नये एवढी रीत पाळली, हे मी मान्य करतो. आत काहीतरी पिवळंजर्द होतं. इतकं पिवळं की पॅसेजचा दिवा फिका वाटला.

"हे बघ. आमच्या घरचं पन्हं. असा रंग यायला पाहिजे."

मी म्हटलं वा. बाटली घेतली, दार लावलं, ओट्यावर ठेवली. बायको ऑफिसमधून आली तोवर पन्हं निवळलं होतं. वर नुसतं पाणीदार काहीतरी आणि तळाला बोटभर जाडीचा हळदीचा थर.

तिनं बाटली हलवून बघितली, वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवत म्हणाली, "राहू दे. तुला सर्दी होतेच आहे जूनमध्ये."