नऊ किलो दोनशे

अंगावर कितीही किलो चढवा, विमान कंपनीचं काही म्हणणं नसतं. तेच कपडे बॅगेत असले की दंड. हा कुठला न्याय, हे मला कोणीतरी समजावून सांगा. पण आज नको, आज डोकं अजून तापलेलं आहे.

प्रसंग साधाच. शरद ऋतू, एका देखण्या शहराची छोटीशी सहल, आणि या वेळी तरी फोटोत गबाळं दिसायचं नाही असा पण. म्हणून ट्रेंच कोट, ब्लेझर, मेरिनो लोकरीचा पुलओव्हर, पांढरा शर्ट, काळी जीन्स, क्रेपचा स्कर्ट आणि घोट्यापर्यंतचे बूट. केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो. काउंटरवरच्या काट्याने दाखवले ९.२.

जास्त काय घेतलं होतं, सांगा बरं? उन्हाळ्याची बॅग कोणीही भरेल. हिवाळ्याचीही भरेल, सगळं जाडच घ्यायचं. शरदाला मात्र मेल्याला काहीच ठरवता येत नाही. सकाळी कोट हवा, दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडायच्या, चहाच्या वेळेला पाऊस आणि दिवेलागणीला परत हुडहुडी. अमेरिकी फॅशन डिझायनर डॉना कॅरन यांनी १९८५ साली ‘सेव्हन ईझी पीसेस’ म्हणून मोजक्या सात कपड्यांत बाईचं सगळं भागवून दाखवलं. तेव्हापासून प्रवासाचे सल्ले देणारे सगळे तेच ऐकवतात: थोडके घ्या, एकमेकांवर जुळणारे घ्या. मीही बूट धरून सातच घेतले होते. त्या सातांचं वजन किती भरतं, हे कुठल्याच सल्ल्यात नव्हतं.

शिवाय माझी रिकामी बॅगच पावणेतीन किलोची. चाकं, आतबाहेर सरकणारा दांडा, कडक कवच. ही उभी ओढायची बॅग १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या अमेरिकी वैमानिकाने काढली आणि आधी ती वैमानिक-कर्मचारी मंडळींनीच वापरली. बरोबर आहे, त्यांची बॅग काउंटरवर कोण तोलतंय?

“मॅम, एकतर पैसे भरा, नाहीतर काहीतरी कमी करा,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला. “तिथे बाजूला उघडा.”

बाजूला म्हणजे रांगेच्या अगदी समोर. मी उकिडवी बसून बॅग उघडली आणि मागून आवाज आला, “गुंडाळी नाही केलीत?”

वळून पाहिलं. साधारण सत्तरीचे एक गृहस्थ. अंगात बिनबाह्यांचं खाकी जाकीट आणि त्याला जिथे कापड दिसेल तिथे खिसा. छातीवर खिसे, कमरेला खिसे, खिशांच्या पोटात खिसे. हातात सामान म्हणाल तर एक चपटी पिशवी.

“घड्या घातल्यात तुम्ही. कपड्यांची गुंडाळी करायची असते, ताई.”

“काका, गुंडाळी केल्याने जागा वाचते. वजन तेवढंच राहतं.”

“असं तुम्हाला वाटतं,” काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून हुक असलेला छोटा वजनकाटा काढला. कोणी विचारलेलं नसताना माझी बॅग त्याला अडकवून उचलली. “नऊ दोनशे. बरोबर आहे त्यांचं.” मग मागच्या लोकांकडे वळून, “बरोबर आहे हो!” रांगेने माना हलवल्या.

त्यानंतर त्यांनी माझ्या बॅगेचा पंचनामाच सुरू केला. वाकून, हात पाठीमागे बांधून.

“हे काळं. तेही काळं. दोन कशाला?”

“एक नेव्ही ब्लू आहे.”

“ट्यूबलाइटखाली काळंच.” त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं, “तुम्हाला काय दिसतंय?” बाईंनी नीट निरखून सांगितलं, “काळंच.”

“आणि हा स्कर्ट कधी घालणार?”

“संध्याकाळी.”

“थंडी असेल ना संध्याकाळी.” याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सत्तरीच्या माणसाला देण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष बुटांकडे गेलं. त्यांनी एक बूट उचलून हातात झुलवला. “अर्धा किलो. दोन्ही मिळून एक. हे पायात का नाहीत?”

पायात मऊ, साधे, चालायचे बूट होते, कारण माझे पाय माझे आहेत. पण रांग आता काकांच्या बाजूची झाली होती. मी तिथेच, फरशीवर बसून, बूट बदलले. पुलओव्हर चढवला. त्यावर ब्लेझर, ब्लेझरवर कोट. बॅग पुन्हा काट्यावर: ७.४.

“चारशे ग्रॅम!” काका खुशीत आले. “खिशात घाला. चार्जर, चष्मा, पुस्तक. कोटाला खिसे आहेत की एवढे मोठे.”

मी चार्जर कोटाच्या खिशात घालायला गेले. हात आत जाईना. खिशाची झडप होती, तिच्यावर बटण होतं, बटणाला नक्षी होती. खाली नुसतं कापड.

“टाके असतील,” काका म्हणाले. “नव्या कोटाचे खिसे शिवून बंद ठेवतात, आकार बिघडू नये म्हणून. उसवा.” आणि नेलकटर पुढे केला.

हे मला ठाऊक होतं. खरे खिसे असे कच्चे टाके घालून बंद केलेले असतात हे खरंय, आणि हा कोट घरी आला त्याच दिवशी मी ते उसवायला बसले होते. टाकेच नव्हते, कारण खिसाच नव्हता. ब्लेझरचीही तीच कथा. मी काकांना सांगून पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी झडप उचलली, खाली पाहिलं, बोटाने दाबलं, दुसऱ्या बाजूची झडप उचलली. “असं कसं?” आयुष्यात पहिल्यांदा बाईचा कोट जवळून पाहिलेल्या माणसाचा तो चेहरा होता. “मग झडप कशाला लावलीय?”

हेच तर, काका. हेच. ट्रेंच कोट हे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचं कपडं. खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याच्या खुणांसाठी, कमरेच्या पट्ट्यावरच्या धातूच्या कड्या सामान अडकवायला, खोल खिसे नकाशे ठेवायला. शंभर वर्षांत तो बायकांच्या कपाटात आला तेव्हा हुद्द्याच्या पट्ट्या आल्या, कड्याही आल्या. मला कुठला हुद्दा लावायचाय? एकच गोष्ट रोज उपयोगाची होती, ती तेवढी नेमकी काढून घेतली. वर म्हणायचं, बायकांना मेल्या कितीही पर्स पुरत नाहीत! पैसे पूर्ण कोटाचे घेतले होते, हे नोंदवून ठेवते.

शेवटी चार्जर आणि चष्म्याची डबी कमरेला पट्ट्याखाली खोचली आणि पुस्तक ब्लेझरच्या आत, काखेत. काटा ६.९. मुलगा प्रसन्न हसला. “आता ओके आहे, मॅम.” विमानात जाणारं वजन एका ग्रॅमनेही कमी झालेलं नव्हतं. फक्त ते आता घामाने भिजलेलं होतं.

सुरक्षा तपासणीला कोट काढा, ब्लेझर काढा, बूट काढा. काखेतून पुस्तक पडलं. पुढे काका होते, खिसे रिकामे करत. एकेक वस्तू ट्रेमध्ये, शिस्तीत, आठवून आठवून. “घाई करू नका, ताई. उकडत असेल तर काढून ठेवा ना सगळं.”

आणि मग विमानाच्या दारात, माझा नंबर आला तेव्हा, वरचे कप्पे भरलेले. कर्मचारी नम्रपणे म्हणाला, “तुमची बॅग खाली सामानात टाकतो, मॅम. चार्ज नाही.”

“चार्ज नाही?”

“नाही मॅम, फ्री.”

“आणि वजन?”

“वजनाचं काही नाही, मॅम.”

गडबडीत चार्जर, चष्मा, पुस्तक, सगळं तपासणीच्या ट्रेमधून थेट बॅगेत कोंबलं होतं. बॅगेला पट्टी लागली आणि ती गेली. मी कोटासकट जागेवर बसले. शेजारच्या खिडकीशी कोण असणार! काकांनी खिशातून चष्मा काढला, दुसऱ्यातून पुस्तक, तिसऱ्यातून फुगवायची उशी. मग थांबून माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि चौथ्यात हात घातला.

“वाचायला देऊ का काही? दोन आणलीत.”

“दोन कशाला?” मी म्हणाले.