‘गप्प बसवण्यात रस’ या वाक्याबद्दल

‘कृष्णधवल’ यांस,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण हात थरथरत होता म्हणून उठलो. राग अजून आहे, आता निदान नीट लिहिता येईल.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. हरवलेले चित्रपट शोधणाऱ्या आमच्या गटात मी हुकूमशाही चालवतो. तुमच्या मामांनी साठीच्या दशकात मिरजेजवळच्या एका जत्रेत, तंबूत ‘आलम आरा’ हा १९३१चा, आज हरवलेला बोलपट पाहिल्याची आठवण गटात लिहिली, ती मी कारण न देता वीस मिनिटांत काढली. माझ्या लेखात पृथ्वीराज कपूर यांना त्या चित्रपटाचे नायक म्हटलंय, ते चूक आहे. तीन वर्षांत गटाने काय शोधलं हे मी सांगत नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘तुम्हाला सिनेमा सापडण्यापेक्षा लोकांना गप्प बसवण्यात जास्त रस आहे.’

नायकाबद्दल तुमचं बरोबर आहे. पृथ्वीराज कपूर त्यात होते, पण नायक मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून वर आलेल्या माणसाचा मान माझ्या हातून दुसऱ्याला गेला, याचं वाईट वाटलं. लेख दुरुस्त केला आहे. आभार.

आता त्या वाक्याकडे येतो.

माझे वडील टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. त्यामुळे जत्रा, तंबू, एकाच मशीनवर रीळ बदलताना होणारी शिट्ट्यांची बोंब, हे मला कुणी सांगायची गरज नाही. धंदा बसल्यावर त्यांनी काही डबे घरी आणून माळ्यावर ठेवले होते. लहानपणी त्या माळ्याला व्हिनेगरसारखा वास यायचा. त्याचा अर्थ मला फार पुढे कळला: ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तसा वास येतो. मी कॉलेजला बाहेरगावी असताना एका पावसाळ्यात माळा गळला आणि डबे किलोच्या भावाने भंगारात गेले. त्यात काय होतं, हे वडिलांनी शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही आठवत नव्हतं. सुट्टीला घरी आलो तेव्हा माळ्याच्या फळीवर डब्यांचे गंजलेले गोल उमटलेले होते, बाकी काही नव्हतं. मी तेव्हापासून शोधतोय. चोर बाजारात, रद्दीच्या दुकानांत, बंद पडलेल्या थिएटरांच्या मागच्या खोल्यांत. माझ्या सुट्ट्या आणि माझे पैसे यातच गेले. आणि तुम्ही टोपणनावाआडून, एका ओळीत लिहिता की मला सापडण्यात रस नाही. अहो, हे लिहिण्याआधी एकदा विचारायचं तरी होतं.

लोकांना ‘गप्प’ का करावं लागतं, तेही ऐका. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावात मॅजेस्टिकला लागला. अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा हा आपला पहिला बोलपट. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर चित्रीकरण करत. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी दर महिन्याला कुणीतरी लिहितं की शेवटची प्रत पुण्यात जानेवारी २००३च्या आगीत जळाली. ती आग खरी होती. जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठारात नायट्रेटच्या, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्म होत्या, आणि नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही. पण ‘आलम आरा’ तिथे नव्हताच. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांनीच सांगितलं आहे की हा चित्रपट त्याच्या कितीतरी आधी हरवला होता. खुद्द इराणींना ते भेटले होते. पुढे इराणींच्या मुलाने त्यांना सांगितलं की रिळांमधली चांदी काढून घेऊन त्याने ती रिळं निकालात काढली.

तुम्ही म्हणाल, अफवा आहे, राहू द्या की. नाही राहू देणार. ‘जळाला’ असं पन्नास जणांनी वाचलं की त्यातला एकजण आपल्या आजोबांची पेटी उघडायचीच सोडून देतो.

‘सापडला’ ही अफवा याहूनही वाईट. नानूभाई वकिलांनी १९५६ आणि १९७३मध्ये याच नावाचे चित्रपट काढले. दीड वर्षापूर्वी एका सदस्याने या नंतरच्या चित्रपटांपैकी एकातला तुकडा ‘१९३१चं मूळ गाणं मिळालं’ म्हणून टाकला. मी प्रवासात होतो, दोन दिवस तो तसाच राहिला. १९३१च्या चित्रपटातल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्याच नव्हत्या, एवढी साधी गोष्टही कुणी तपासली नाही. त्याच आठवड्यात मी एका वयस्कर संग्राहकांकडे जाणार होतो. त्यांच्याकडे तिशीच्या दशकातली रिळं असल्याचं कळलं होतं, आणि घरात पाऊल टाकू द्यायला ते सहा महिन्यांनी तयार झाले होते. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘मिळालं ना तुमचं, आता कशाला येता?’ मी खूप समजावलं. उपयोग झाला नाही. पुढे त्यांचा पत्ता कुणीतरी गटात टाकला, त्यांना रात्री अकराला फोन गेले, आणि ते दार कायमचं बंद झालं. ते आता हयात नाहीत. पेटीचं काय झालं, घरचे सांगत नाहीत.

त्या दिवसापासून नियम केला. पुरावा असल्याशिवाय ‘पाहिला’, ‘सापडला’, ‘जळाला’ यांपैकी काहीही गटात राहणार नाही. डब्यावरची नावाची पट्टी हासुद्धा पुरा पुरावा नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आज आपण पाहतो, ती १९१३ची की १९१७च्या दुसऱ्या आवृत्तीची, यावर जाणकार अजून भांडतात. संग्रहालयातल्या रिळांची ही गत, तर साठ वर्षांपूर्वीच्या जत्रेतल्या आठवणीचं काय करायचं?

तुमचे मामा खोटं बोलतात असं मी कधीही म्हटलेलं नाही, आणि तुम्ही तसं सुचवलंत हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी तंबू पाहिला असेल, पडद्यावर ‘आलम आरा’ ही अक्षरंही पाहिली असतील. पण साठीच्या दशकात तंबूत फिरणारी प्रत १९५६ची असण्याची शक्यता कितीतरी जास्त. तीस-पस्तीस वर्षांची नायट्रेटची प्रत गावोगाव, मशीनमधल्या कार्बनच्या तापत्या दिव्यासमोर, फाटत-जोडत चालली असेल यावर माझा विश्वास बसत नाही. माझ्या वडिलांचाही बसला नसता.

कारण दिलं नाही, हे खरं. पण दिवसाला तीस-चाळीस मजकूर येतात, मी नोकरी करतो, आणि प्रत्येकाला पत्र लिहीत बसणं शक्य नाही. यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही. तीन वर्षांत काय मिळालं या प्रश्नालाही मी आत्ता उत्तर देत नाही. ज्या घरांशी बोलणी चालू आहेत त्यांची चर्चा मी इथे करणार नाही. एवढंच सांगतो की वस्तू मिळतात, आणि कल्पना नसलेल्या जागी मिळतात. १९१९चा कलकत्त्याचा ‘बिल्वमंगल’ पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयात निघाला आणि २०१६मध्ये आपल्याकडे आला, तोही पुरता नाही. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले आणि शंभरातले पाचही उरले नाहीत. एवढं गमावल्यावर आठवणींवर इमले बांधायची चैन आपल्याला परवडत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत ‘मालकी’ हा शब्द तीनदा आला आहे. गट माझा नाही. पण कुणीतरी दारात उभं राहावं लागतं, आणि रात्री दोनला उठून पत्ते पुसणारा आजवर मीच होतो. तुम्ही या कामाला या, मी आनंदाने बाजूला होतो. आला नाहीत तर निदान असली वाक्यं लिहू नका.

मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांना एवढं विचारा: चित्रपट चालू असताना मशीन किती वेळा थांबलं, १९३१च्या चित्रपटात होतं तसं फकिराचं गाणं होतं का आणि त्याच्या मागे वाद्यं किती वाजत होती, आणि तंबूचा मालक कोण होता. मालकाचं नाव आठवलं तर मला कळवा, कारण त्या भागातले दोन-तीन तंबूवाले वडिलांच्या ओळखीचे होते आणि एकाचा मुलगा अजून जयसिंगपूरकडे राहतो. रविवारी सकाळी मी मिरजेला येऊ शकतो. मामा हो म्हणाले तरच येईन, आणि त्यांचा पत्ता मला एकट्याला पाठवा, इथे लिहू नका.